एकाच घरघरीतले वेगवेगळे दमे

जगभरच्या मुलांत दमा किती आहे, हे मोजायचं काम १९९१ साली हाती घेतलं गेलं, तेव्हा संशोधकांनी एक वयोगट मुद्दाम निवडला: तेरा ते चौदा वर्षं. आपल्याकडची आठवी-नववी. या वयाचं मूल आपल्या त्रासाबद्दल स्वतः बोलू शकतं, आईच्या आठवणीवर अवलंबून राहावं लागत नाही. ‘आयझॅक’ नावाच्या या अभ्यासात छापील प्रश्नांच्या जोडीला अनेक ठिकाणी एक व्हिडिओही दाखवला गेला. पडद्यावर कुणाला धाप लागलेली, कुणी रात्री खोकत उठून बसलेलं, आणि प्रश्न एवढाच, की तुला असं कधी झालंय का? भाषा आड येऊ नये म्हणून ही युक्ती. १९९८ मध्ये निकाल आले तेव्हा ५६ देशांतल्या ४,६३,८०१ मुलांची उत्तरं गोळा झाली होती आणि केंद्राकेंद्रांतला फरक वीस पटींपासून साठ पटींपर्यंत होता.

त्याच धर्तीवर पुढे भारतातल्या नऊ केंद्रांवर पाहणी झाली, तिचे आकडे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. तेरा-चौदा वर्षांच्या दर शंभर मुलांमागे साडेतीनहून थोड्या जास्त मुलांच्या छातीत गेल्या वर्षभरात घरघर झालेली होती. हा आकडा लहान वाटेल. पुढचा मात्र लहान नाही. पाहणीत सापडलेल्या घरघरणाऱ्या लोकांपैकी ८२ टक्क्यांना ‘तुम्हाला दमा आहे’ असं कुणी कधी सांगितलेलंच नव्हतं.

सुरतेच्या गोडादऱ्यात तो व्हिडिओ लावला तर किती हात वर होतील, हे मला फार जाणून घ्यावंसं वाटतं. लिंबायत, डिंडोली, पर्वत पाटिया यांना लागून असलेली ही वस्ती. उधना–जळगाव मार्गावरच्या गाडीनं नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडून आलेली कितीतरी कुटुंबं सुरतेच्या या बाजूला उतरली आणि इथलीच झाली. कुणी लूमवर, कुणी डाइंग मिलमध्ये, कुणी मार्केटात साड्यांची पार्सलं बांधायला. घरात अहिराणी, शाळेत मराठी नाहीतर गुजराती, गल्लीत हिंदी. पोरगी म्हणते, ‘माय, माले दम लागी ऱ्हायना,’ आणि तिची माय दवाखान्यात जाऊन सांगते, ‘श्वास चढे छे.’ बहुतेक वेळा खोकल्याची बाटली, चार दिवसांच्या गोळ्या आणि ‘सर्दीचा कोठा आहे’ एवढ्यावर ते निभावून नेलं जातं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

त्या छातीत घडतं ते मात्र थक्क करणारं असतं.

श्वासनलिका एकाच्या दोन, दोनाच्या चार अशी फुटत जाते आणि साधारण तेवीस वेळा फुटून शेवटी कोट्यवधी वायुकोशांपर्यंत पोचते. या नळ्यांभोवती गुळगुळीत स्नायूंचे तंतू तिरके गुंडाळलेले असतात, बॉबीनवर सूत गुंडाळावं तसे. ते आवळले की नळी अरुंद होते. आता गणित पाहा. हवा संथ वाहत असेल तर नळीचा विरोध तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. त्रिज्या निम्मी झाली की विरोध दुप्पट नाही, चौपट नाही, सोळापट होतो. एखाद्या मिलिमीटरच्या सुजेनं पंधरा वर्षांचा धडधाकट मुलगा कॉटच्या कडेवर हात टेकून, खांदे वर ओढून बसतो, त्याचं कारण हा चौथा घात. आणि त्याच गणिताचा दिलासा असा, की नळी थोडीशी जरी उघडली, तरी सुटका प्रचंड वाटते.

नळी अरुंद व्हायला तीन गोष्टी पुरतात: स्नायू आवळणं, अस्तर सुजणं आणि आत चिकट कफ साचणं. या तिन्ही कुणाच्या सांगण्यावरून होतात, ते मात्र मुलागणिक वेगळं. त्याकडे येण्याआधी डॉक्टरांची नेहमीची मोजपट्टी पाहून घेऊ, कारण कागदावर ‘पर्सिस्टंट’, म्हणजे टिकून राहणारा दमा, असं लिहिलेलं असतं ते तिच्यावरून.

अमेरिकेतल्या तज्ज्ञमंडळानं २००७ साली पक्की केलेली ही पट्टी बारा वर्षांच्या पुढच्यांसाठी अशी आहे. आठवड्यातून दोन दिवसांपेक्षा जास्त त्रास, पण रोज नाही, आणि महिन्यातून तीन-चार रात्री झोपमोड, हा सौम्य. रोज त्रास आणि आठवड्यातून एकीपेक्षा जास्त रात्री जाग, हा मध्यम. दिवसभर त्रास, जवळजवळ रोज रात्री जाग, आणि जोर लावून फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा अपेक्षेच्या ६० टक्क्यांहून कमी, हा तीव्र. याच्या खाली जो अधूनमधून येतो आणि जातो, तो टिकून राहणाऱ्यांत धरत नाहीत.

पट्टी सोयीची आहे, पण तिच्यावर विसंबून राहण्यात धोका आहे. ब्रिटनमध्ये दम्यानं झालेल्या १९५ मृत्यूंची बारकाईनं तपासणी झाली. २०१४ च्या त्या अहवालात निघालं, की त्यातल्या निम्म्याहून जास्त माणसांवर सौम्य किंवा मध्यम दमा म्हणूनच उपचार चालू होते. ‘सौम्य’ हा शब्द ऐकून घरचे निर्धास्त होतात. त्यांनी होऊ नये. शिवाय ही पट्टी त्रास किती, एवढंच सांगते. कशामुळे, याबद्दल ती गप्प असते.

कशामुळे हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत: महा, ऊर्ध्व, छिन्न, तमक आणि क्षुद्र. त्यातल्या तमकाचं वर्णन वाचताना समोर पेशंट बसल्याचा भास होतो. गळ्यात घुरघुर, आडवं पडलं की जीव कासावीस, बसलं की बरं, कफ सुटला की घटकाभर आराम, आणि ढगाळ हवा, पाऊस, थंडी, पूर्वेचा वारा यांनी वाढ. इतकं अचूक निरीक्षण करून ग्रंथ तिथे थांबत नाही. तमकाचेच प्रतमक आणि संतमक असे पोटप्रकार तो सांगतो. कुठे सोबत ताप आणि मूर्च्छा, कुठे थंडीनं वाढण्याऐवजी थंडाव्यानंच उतार. आवाज एक असला तरी आजार एक नाही, हे त्या वैद्यांना दिसलं होतं.

आधुनिक वैद्यकात ही वाटणी १९४७ साली बोस्टनच्या फ्रान्सिस रॅकेमन यांनी ठळकपणे मांडली: बाहेरून येणाऱ्या पदार्थांनी भडकणारा दमा आणि शरीराच्या आतूनच उठणारा दमा. मुलांत आणि किशोरांत पहिलाच जास्त. तो कसा चालतो याचा धागा हाती आला तो १९६६ मध्ये, अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात, दमेकरी मुलांसाठीच असलेल्या एका संस्थेत. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका हे जपानी दांपत्य रक्तातलं अ‍ॅलर्जीचं द्रव्य शोधत होतं. रक्तात ते इतकं कमी असतं, की त्या काळच्या नेहमीच्या रसायनांना दिसतच नव्हतं. दिसत होतं फक्त त्वचेला. म्हणून दोघांनी स्वतःच्या कातडीवर टोचून घेतलं आणि लाल गांध उठते का ते पाहिलं. सापडलेल्या त्या प्रतिपिंडाला आज आयजीई म्हणतात. स्वीडनमधल्या उप्साला इथल्या संशोधकांनाही वेगळ्या वाटेनं तेच द्रव्य सापडलं, आणि १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याचं नामकरण केलं.

अ‍ॅलर्जीच्या दम्यात हे आयजीई श्वासनळीच्या अस्तरातल्या मास्ट पेशींवर आधीच चढून बसलेलं असतं. धूळकिड्याच्या विष्ठेचा कण आत आला, की काही मिनिटांत त्या पेशी फुटल्यासारख्या रिकाम्या होतात, त्यातलं हिस्टमिन आणि इतर द्रव्यं स्नायू आवळतात. मग मूल सावरतं, घरचे सुस्कारा सोडतात, आणि तीन ते आठ-नऊ तासांनी दुसरी लाट येते, सुजेची. संध्याकाळी गाद्या झटकल्या आणि मध्यरात्री श्वास अडकला, तर दोहोंतला संबंध कुणाच्या ध्यानात येणार?

धूळकिडा डोळ्यांना दिसत नाही. माणसाच्या कातडीचे गळलेले कोंडे खाऊन तो गादीत राहतो आणि दमट हवा त्याला मानवते. समुद्रापासून जवळ असलेल्या सुरतेत त्याला आणखी काय हवं? मिठी खाडीचं पाणी चढलं, की या बाजूच्या खालच्या घरांच्या भिंती ओल धरतात आणि बुरशीचीही सोय होते. झुरळांचा वाटा तर फार उशिरा उमगला. अमेरिकेतल्या शहरांच्या गरीब वस्त्यांतल्या मुलांवरचा एक अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. झुरळांची अ‍ॅलर्जी असलेली आणि घरात झुरळं भरपूर असलेली मुलं दम्यासाठी इस्पितळात कितीतरी जास्त वेळा दाखल होत होती. भाड्याच्या एकाच खोलीत स्वयंपाक, झोप आणि आईचं साड्यांचे धागे कापायचं काम, सगळं जिथे चालतं, तिथे हे वाचून पोटात कालवतं.

परागकणांची गंमत वेगळीच. गवताचा अख्खा परागकण इतका मोठा असतो, की तो नाकातच अडकतो, फुप्फुसात खोल जाऊच शकत नाही. मग त्यानं दमा कसा होतो? २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी मेलबर्नवर वादळ आलं. राय गवताचे परागकण ओलाव्यानं फुगून फुटले, त्यांतले अतिसूक्ष्म स्टार्चचे कण वाऱ्याच्या झोतानं जमिनीलगत पसरले आणि काही तासांत हजारो लोक धापा टाकत इस्पितळांकडे धावले. दहा माणसं दगावली. त्रास झालेल्यांत भारतीय आणि श्रीलंकन वंशाच्या लोकांचं प्रमाण डोळ्यांत भरण्याइतकं होतं. त्यांतल्या बऱ्याच जणांना पूर्वी दमा नव्हता, नाक गळायचं एवढंच. आपल्याकडच्या गाजर गवताचा परागही नाकाला असाच छळतो. १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलेलं हे गवत आता प्रत्येक पडीक प्लॉटवर आहे.

दम्याची दुसरी जात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींची. पॉल एर्लिख यांनी १८७९ मध्ये रक्ताच्या काचेवर इओसिन हा रंग टाकला तेव्हा काही पेशींचे दाणे त्या रंगानं पेटून उठले, म्हणून हे नाव. रंगांवर जगणाऱ्या शहरात हे सांगताना मला विशेष आनंद होतो, कारण कापड रंगवायच्या रसायनांनीच त्या काळी पेशींच्या जाती उघड केल्या. दमेकऱ्याच्या घट्ट कफाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर कधीकधी त्यात दोन्ही टोकं निमुळती असलेले, सुईसारखे पारदर्शक स्फटिक दिसतात. शार्को आणि लायडेन या दोघांनी एकोणिसाव्या शतकातच ते पाहून ठेवले होते. दीडशे वर्षं सगळ्यांनी त्यांना मेलेल्या पेशींचा कचरा मानलं. २०१९ मध्ये बेल्जियमच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की इओसिनोफिल पेशींतल्या एका प्रथिनाचे हे स्फटिक स्वतःच अस्तराला टोचून सूज भडकवतात. त्यांनी बनवलेल्या प्रतिपिंडांनी ते स्फटिक काही तासांत विरघळले.

अ‍ॅलर्जी आणि इओसिनोफिल ही दोन घराणी पुष्कळदा एकाच मुलात नांदतात आणि दोघांमागे प्रतिकारशक्तीचे तेच तीन-चार निरोप्ये असतात. डॉक्टर या सगळ्याला मिळून ‘टाइप टू’ म्हणतात. याचा सुगावा श्वासातूनही लागतो. सुजलेलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं, गाड्यांच्या धुरात असतो तोच वायू. १९९३ मध्ये स्वीडनमध्ये दिसून आलं, की दमेकऱ्यांच्या उच्छ्वासात तो नेहमीपेक्षा जास्त असतो. आज एका नळीत दहाएक सेकंद संथ फुंकलं, की यंत्र त्याचं प्रमाण सांगतं, तेही हवेच्या एक अब्ज भागांत किती भाग या मापात. मोठ्या मुलांत ५० च्या वर आकडा गेला, तर सूज या घराण्यातली असण्याचा आणि ओढायच्या स्टिरॉइडला ती दाद देण्याचा संभव बराच.

आणि जिथे हा आकडाही कमी, इओसिनोफिलही कमी, तरी छाती घरघरतेच? तिथे गोष्ट अवघड होते. वजन खूप वाढलेल्या मुलांत, धूर सतत छातीत जाणाऱ्यांत, वारंवार संसर्ग होणाऱ्यांत असा दमा दिसतो आणि नेहमीचं औषध त्याला तितकं लागू पडत नाही. हवेची बाजू इथे मोठी. पांडेसरा-सचिनच्या प्रोसेस हाउसचा धूर आपल्या हाती नाही, पण खोलीतला आहे. बंद खोलीत डासांची एक कॉइल जाळली, की तिच्यातून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके भरतात, असं मोजमाप २००३ साली प्रसिद्ध झालं. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननं विद्यार्थ्यांना हाताशी धरून दिवाळीचे फटाके एकेक करून मोजले, तेव्हा सूक्ष्म धुरात पहिली आली ती न फुटणारी, लहानग्यांच्या हाती बिनधास्त दिली जाणारी नागगोळी.

धावल्यावर येणारा दमा किशोरांना सगळ्यात जास्त चकवतो. पळताना श्वास तोंडानं आणि वेगानं घेतला जातो, कोरडी हवा नळीच्या अस्तरातलं पाणी ओढून घेते, तिथला क्षार घट्ट होतो आणि मास्ट पेशी चेततात. पण झटका पळताना क्वचित येतो. थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत येतो आणि अर्ध्या-एक तासात ओसरतो. त्यामुळे खेळाच्या सरांना मुलगा मैदानावर ठणठणीत दिसतो आणि वर्गात धापा टाकताना नाटकी वाटतो. नवल असं, की एकदा झटका येऊन गेल्यावर सुमारे निम्म्या मुलांत पुढचे एक ते तीन तास दुसरा येत नाही किंवा अगदी हलका येतो. जाणते खेळाडू आधी दमदार वॉर्म-अप करून याचा फायदा घेतात. कबड्डी सोडायला सांगणं हा उपाय नव्हे. दमा आटोक्यात असेल तर मुलानं खेळावं, खेळायलाच हवं.

काही मुलांत घरघर नसतेच, फक्त कोरडा खोकला, महिनोन्‌महिने. तोही दमाच असू शकतो. उलट काही मुलींना धावताना, ऐन जोरात असताना, श्वास आत घेतानाच गळ्यापाशी अडकतो आणि थांबल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत मोकळा होतो. हा दमा नव्हे. स्वरयंत्र ऐन वेळी मिटतं. कितीही पंप मारले तरी इथे फरक पडत नाही, आणि पंप निकामी ठरला म्हणून डोस वाढत जातो. तिसरा चकवा आपल्या देशात फार महाग पडतो. अ‍ॅस्परजिलस बुरशीची तीव्र अ‍ॅलर्जी झालेल्या दमेकऱ्याच्या एक्स-रेवर डाग दिसतात, तो तपकिरी कफाचे गोळे खोकून टाकतो, आणि त्याच्यावर टीबीची औषधं सुरू होतात. महिने जातात, श्वासनळ्या कायमच्या रुंदावतात. दमा असलेल्या मुलाला टीबी सांगितला गेला आणि बेडक्यात जंतू सापडले नाहीत, तर या बुरशीची तपासणी झाली का, एवढं विचारायलाच हवं.

जवळजवळ सगळ्या प्रकारांचं एका गोष्टीवर एकमत आहे: पहाट. इंग्लंडमधल्या जॉन फ्लॉयर नावाच्या वैद्यानं, जो स्वतः दमेकरी होता, १६९८ मध्ये या रोगावर ग्रंथ लिहून रात्रीच्या झटक्यांची नोंद केली. झोपेमुळे, आडवं पडल्यामुळे, की गादीतल्या धुळीमुळे? बोस्टन आणि पोर्टलंडमधल्या संशोधकांनी सतरा दमेकऱ्यांना मंद उजेडात, घड्याळाविना, सारख्या स्थितीत ठेवून हे वेगळं काढलं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेलं उत्तर असं, की शरीराचं आतलं घड्याळच पहाटे चारच्या सुमारास फुप्फुसाची ताकद नीचांकावर नेतं. सुरतेत लूम बारा-बारा तासांच्या पाळ्यांनी चालतात. बाप रातपाळीला, आई दिवसभराच्या कामानं गाढ झोपलेली, अशा वेळी एखादी चौदा वर्षांची मुलगी उशीला टेकून एकटीच बसून राहते. सकाळी तिचा त्रास निम्मा उतरलेला असतो, म्हणून ती कुणाला सांगत नाही. दवाखान्यात दहा वाजता छाती तपासली तर ती साफ.

वयात येणं हा या आजारातला सगळ्यात विलक्षण टप्पा. लहानपणी दमा मुलग्यांत जास्त असतो, पुढे पारडं फिरतं आणि तरुणपणी मुलींत तो जास्त आढळतो. यामागे थोडी शरीराची बांधणी आहे. लहान मुलग्यांच्या फुप्फुसांच्या मानानं नळ्या अरुंद असतात, त्या किशोरवयात रुंद होतात. बाकी काम संप्रेरकांचं. सूज पेटवणाऱ्या काही पेशींना टेस्टोस्टेरॉन आवरतं, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. काही मुलींचा त्रास पाळीच्या आधीच्या दिवसांत ठरलेला वाढतो.

म्हणूनच ‘बाळदमा आहे, मोठेपणी जाईल’ हे अर्धसत्य आहे. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन इथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या मुलांचा सव्विसाव्या वर्षापर्यंत माग ठेवला गेला. चौघांत एकाहून जास्त जणांची घरघर टिकून होती किंवा जाऊन परत आलेली होती. अमेरिकेत सौम्य ते मध्यम टिकाऊ दमा असलेल्या ६८४ मुलांची फुप्फुसं विशी ओलांडेपर्यंत वरचेवर मोजली. फुप्फुसाची वाढ पूर्ण आणि उतार वेळेवर, असं फक्त चतुर्थांश मुलांत दिसलं. किशोरवय हा फुप्फुस वाढण्याचा शेवटचा काळ, आणि नेमका याच वयात मुलगा पंप दप्तराच्या तळाशी दडवतो.

त्या पंपाची जन्मकथा कळली तर तो दडवणार नाही, असं मला मनापासून वाटतं. १९५५ पर्यंत दम्याचं औषध काचेच्या पिचकारीत भरून रबरी फुगा दाबत ओढावं लागे. ती फुटायची, दरवेळी डोस वेगळा. लॉस एंजेलिसच्या रायकर कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीनं, सुझीनं, वडिलांना विचारलं, की केसांच्या फवाऱ्यासारख्या डब्यात माझं औषध का नाही येत? कंपनीच्या रसायनतज्ज्ञानं जुना आइस्क्रीम फ्रीझर आणि अत्तराच्या बाटल्यांची झडप घेऊन खटपट सुरू केली आणि मार्च १९५६ मध्ये जगातला पहिला मोजून डोस देणारा पंप बाजारात आला. आठवी-नववीतल्या एका मुलीचा हट्ट आज जगभर खिशात फिरतोय.

तिच्या पंपात स्नायू सैल करणारं औषध होतं. सूज उतरवणारं ओढायचं स्टिरॉइड आलं ते १९७२ मध्ये, आणि टिकाऊ दम्याचा खरा आधार तेच. इथे घरोघरी दोन भीती असतात. एक, पंपाची सवय लागते. लागत नाही. रोज घ्यावा लागतो, कारण सूज रोज असते. दुसरी, उंची खुंटते. ज्या अभ्यासाची ६८४ मुलं वर आली, त्यातच हे मोजलं गेलं: वर्षानुवर्षं औषध ओढलेल्या मुलांची उंची मोठेपणी सरासरी सव्वा सेंटीमीटरच्या आसपास कमी भरली. नाकारण्याजोगा फरक नाही, पण दुसऱ्या तागडीत आयुष्यभराचं फुप्फुस आहे. २०१९ मध्ये तर जागतिक मार्गदर्शनच बदललं. बारा वर्षांपुढच्या कुणालाही फक्त स्नायू सैल करणारा पंप देऊ नये, त्रासाच्या वेळीही सोबत स्टिरॉइड असावं. कारण पहिल्यानं आराम लगेच वाटतो आणि सूज मात्र आत वाढत राहते. आणि धाप इतकी, की वाक्य पुरं होत नाही, ओठ निळसर, पंपाचा गुण येत नाही, अशा वेळी उजाडण्याची वाट न पाहता स्मीमेर किंवा नवी सिव्हिल इस्पितळ गाठावं.

पंप थेट तोंडात मारला, की बरंचसं औषध घशातच आपटतं. मधे स्पेसर नावाचा पोकळ डबा लावला, तर ते खाली उतरतं. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनमध्ये हेदर झार यांच्या गटानं अर्ध्या लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीला बुडाशी तापलेल्या तारेनं पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडून, सांधा पक्का बंद करून स्पेसर बनवला. १९९९ मध्ये त्यांनी दाखवलं, की तीव्र झटका आलेल्या मुलांत तो दुकानातल्या स्पेसरच्या तोडीचा ठरतो.

हे सगळं नीट करूनही जो दमा बधत नाही, तोच खरा तीव्र. नेदरलँड्समध्ये प्रौढांत मोजलं, तर उपचाराला अवघड वाटणारे १७ टक्के निघाले, पण औषध घेण्याची पद्धत आणि नियमितपणा तपासल्यावर खरे तीव्र उरले चारांहूनही कमी. त्या थोड्यांसाठी आता जात ओळखून मारणारी इंजेक्शनं आहेत. आयजीईला पकडणारं २००३ मध्ये आलं, इओसिनोफिल घटवणारं २०१५ मध्ये. चुकीच्या जातीला ती लागू पडत नाहीत आणि किंमत लूम कामगाराच्या पगाराला झेपणारी नाही.

जातीचा पहिला अंदाज मात्र स्वस्तात लागू शकतो. तापात किंवा अशक्तपणात केलेल्या साध्या रक्ततपासणीचा कागद बहुतेक घरांत फाइलला लावलेला असतो. हिमोग्लोबिनच्या खाली पांढऱ्या पेशींची वाटणी छापलेली असते, तिच्यात इओसिनोफिलची एक ओळ असते. पोटात जंत असले तरी हा आकडा चढतो आणि स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असल्या की उतरतो, त्यामुळे त्याचा अर्थ घरी लावू नये. पण पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना तो कागद बरोबर न्यावा, पोराला किती रात्री जाग येते ते सांगावं, आणि ‘डॉक्टरसाहेब, याचा दमा कोणता?’ असं विचारावं.